गुणी बाळ

कान दुखतोय म्हणून थोरलीला आणलं होतं. तिने दवाखाना डोक्यावर घेतला होता आणि मी कानात बघायचं सोडून तिच्या लाथा चुकवत होते. आजी वैतागली, आईच्या मांडीवरच्या बाळाकडे बोट दाखवत म्हणाली, "जरा भावाकडून शीक. महिन्याचा नाही झाला, पण किती गुणी. कालपासून हूं की चूं नाही. दुधालासुद्धा उठवावं लागतं."

एवढ्याशा बाळाचं असलं कौतुक ऐकलं की मी आधी ते बाळ बघते.

"त्याला इथे ठेवा."

"अहो डॉक्टरबाई, त्याला ना ताप ना खोकला. नंबर हिचा आहे."

"आता त्याचा."

आईने दुपटं सोडलं. पावलं गार होती. तळव्याला टिचकी मारली तर पाय जरासा हलला आणि पडला. श्वास भरभर चालला होता, दर श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडत होता. ताप नव्हताच, उलट अंग नको तितकं थंड होतं. मी आईला पाजायला सांगितलं. बाळाने जेमतेम दोनदा ओढलं, मग तोंड तसंच उघडं राहिलं.

"सकाळीही असंच केलं," आई म्हणाली. "मला वाटलं, पोट भरलं."

"मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं. आत्ता."

"याच्या बापाला विचारून उद्या नेऊ की," आजी म्हणाली.

"वाटेत फोनवर विचारा. अंगात जंतू पसरलेले दिसतायत, उद्यावर ढकललं तर बाळ हातचं जाईल."

आजीचं तोंड फुगलं. मलाही तिचा राग आला होता, पण वाद घालायला वेळ नव्हता. मी गाडी बोलावली आणि अँटिबायोटिकचं इंजेक्शन भरलं. सुई मांडीत गेली. बाळाने कपाळाला नुसती आठी घातली.

आजी बघतच राहिली. "टोचलं तरी रडला नाही?"

"नाही."

तिने दुपटं, पिशवी, थोरलीची चप्पल एका हातात गोळा केली. "गाडी कुठवर आली?"

बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरायला लावलं, वरून शाल घातली. थोरलीला कानाचं औषध जाता जाता दिलं. गाडी निघाली.

पुढच्या आठवड्यात आजीचा हॉस्पिटलातून फोन आला. "काय सांगू बाई, डोळ्याला डोळा नाही. सगळा वॉर्ड उठवला कार्ट्याने. भारी द्वाड झालाय."

मागून त्याचा टाहो ऐकू येत होता. बाहेर पेशंट खोळंबले होते. मी फोन तसाच कानाला धरून ठेवला.