मुंगूस, तीन वेळा

इंग्रजी शब्दकोशाच्या ॲपसाठी ती रोज काचेच्या खोलीत बसून ध्वनिमुद्रणासाठी शब्द वाचायची, प्रत्येक शब्द तीन वेळा. त्या दिवशी यादीत मुंगूस आला. मराठीतूनच इंग्रजीत गेलेला शब्द, म्हणून तिने तो लहानपणी आजोबा म्हणायचे तसा ठसक्यात म्हटला.

काचेपलीकडून ध्वनिमुद्रण घेणाऱ्या साहेबांनी नकारार्थी मान हलवली. "बाई, मॉंगूस म्हणा. इंग्रज तसंच म्हणतात."

"पण साहेब, शब्द आमचा आहे."

"असेल हो. ॲप त्यांच्यासाठी आहे."

त्यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून तर तिचं डोकं फिरलं. तरी तिने मुकाट्याने तीनदा मॉंगूस म्हटलं आणि पुढचा शब्द घेतला.

महिन्याभराने स्वयंपाकघराच्या खिडकीतून कुंपणापाशी काहीतरी सरकताना दिसलं. "अगं, मुंगूस बघ," तिने लेकीला हाक मारली.

लेकीने बाहेर डोकावलं आणि मोबाइलवर शब्दकोशाचं ॲप उघडलं. "आई, तो इंग्रजी शब्द आहे. तू चुकीचा म्हणतेस. ही बाई बघ किती नीट म्हणते."

मोबाइलमधून 'मॉंगूस' म्हणणारा आईचाच कमावलेला आवाज आला, स्वच्छ आणि ठाम. आता ती कुठल्या तोंडाने भांडणार?

"पुन्हा लाव," ती म्हणाली.