गाणे संपल्यावर

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, मित्रांनो. माझ्या झाकणाला तडा गेला आहे आणि पट्टा तर केव्हाच तुटला. पण एके काळी माझा थाट काही औरच होता! पक्ष्यांचा अभ्यास करणारे आमचे सर मला खांद्याला लावल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकत नसत.

टेकडीवरचे पक्षी लांब शीळ घालत, नदीकाठचे तुटक तुटक गात. एकदा सरांच्या घरामागच्या झाडावर एक पठ्ठ्या आला. त्याच्या गाण्याची सुरुवात टेकडीची, शेवट नदीकाठचा! "हा दोन्ही जातींचा संकर आहे," सर हरखून म्हणाले. त्यांचे सहकारी मात्र हसले.

"ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला! गाणं काय, शेजाऱ्याचं ऐकूनही शिकतात. घाबरल्यावरची हाक उपजत असते. ती ऐकवा, मग मानू."

आता हाक आणायची कुठून? टेप महाग, म्हणून गाणे संपले की सर खटकन बटण दाबत. ऐकतानाही तिथेच थांबत. तो पक्षी पुन्हा फिरकला नाही. सरांनी तो विषयच सोडला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. मला वाईट वाटे, पण स्वतःपेक्षा सरांसाठी जास्त.

परवा सरांच्या लेकीने मला खाली काढले. तीही पक्ष्यांमागेच वेडी. तिने मला पुसले, दुरुस्त केले आणि त्या पक्ष्याच्या गाण्याची टेप लावली. गाणे संपले, पण खटका काही आला नाही! त्या दिवशी सर बटण दाबायला विसरले होते, कारण मागून त्यांच्या पत्नी आल्या होत्या.

"अहो, चहा निवला! पक्षी काय, उद्याही गाईल."

त्यांच्या चाहुलीने पक्षी बिथरून ओरडत होता. त्या हाकेतही दोन्हीकडचे सूर होते.

"बाबा, तुमचंच खरं होतं!" लेक ओरडली.

सरांना आता बारीक आवाज ऐकू येत नाहीत. ते माझ्यावर वाकले. "पुन्हा लाव," म्हणाले. मग पुन्हा. आणि पुन्हा.

"आली का हाक ऐकू?"

"पक्ष्याची नाही गं. पण तुझी आई बोलतेय ना? किती वर्षांनी! लाव परत."

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्यांची धूळ अधूनमधून पुसत जा. आणि एवढे ऐकाच माझे: गाणे संपले म्हणून लगेच बटण दाबू नका.