अर्ध्या बिस्किटाचा उपास

"अगं ए झंफिरा! आधी भाईर ये! ही टरफलं कुणाची?"

झंफिरानं चुलीवरचं दूध उतरवलं, हात पुसले आणि ती अंगणात आली. फाटकापाशी घोटाभर चिखलात गेरासिमआबा उभे होते. एका हातात चार वर्षांच्या नातीचं, इलिंकाचं, बोट. दुसऱ्या हातात अंड्याचं टरफल, ते असं लांब धरलेलं की जणू मेलेला उंदीरच. बर्फ वितळून आठवडा झाला होता. टेकडीवरून उतरणाऱ्या पाण्यानं पोयेनी गावच्या एकुलत्या एक रस्त्याचा पार काला करून टाकला होता आणि आबांच्या बुटांचा रंग कुठला हे आता त्यांनाही सांगता आलं नसतं.

"कुणाची म्हंजे? कोंबडीची," झंफिरा म्हणाली.

"थट्टा करतीस? मोठ्या उपासाचा तिसरा आठवडा हाय. ईस्टरपतोर मांस, अंडं, दूध-लोनी वर्ज्य म्हनून सारं गाव कांदा-घेवड्यावर दिस काढतंय, आन्‌ तुझ्या उकिरड्यावर अंडी?"

"मी न्हाई खाल्ली, आबा. लेकरांनी खाल्ली. पाद्रीबाबांनीच सांगितलंय, सात वर्सांच्या आतल्या लेकराला उपास न्हाई."

"आमच्या आजीनं तिसऱ्या वर्सापास्नं उपास धरला व्हता!"

"म्हनून तर ती तुमच्या खांद्याएवढीच व्हती."

शेजारच्या कुंपणामागून कुणीतरी खुदकन हसलं. आबांचा चेहरा बिटासारखा लाल झाला.

गावात बालवाडी नव्हती. आया पहाटेच्या गाडीनं शिवणकामाच्या कारखान्यात जायच्या, बाप रानात नाहीतर परदेशात. म्हणून झंफिरानं आपल्या घरची पुढची खोली रिकामी केली, नवऱ्याकडून गुडघ्याएवढं एक टेबल करून घेतलं आणि पाच लेकरं दिवसभर सांभाळायला घेतली. इलिंका त्यातलीच. तिची आई इटलीत, आजी मागच्या वर्षी गेलेली. घरात आबा आणि नात, दोघंच.

आणि आबा म्हणजे साधं प्रकरण नव्हतं. चाळीस वर्षं ते चर्चमध्ये गात होते. पाद्रीबाबांनी प्रवचन केलं की ते कानापर्यंत पोचायचं. तेच शब्द आबांनी सुरात उचलले की थेट काळजात उतरायचे. उपासाच्या दिवसांत ते पश्चात्तापाचं गाणं म्हणायचे तेव्हा म्हाताऱ्या बाया डोईच्या रुमालानं डोळे टिपायच्या आणि दारुडे पुढच्या रविवारपर्यंत बरे वागायचे. झंफिराला स्वतःला तो आवाज इतका प्यारा की त्यासाठी ती रविवारी चूल तशीच सोडून पळायची. पण अशा माणसाचा शब्द गावात देवाघरचा समजला जातो, ही त्यातली अडचण.

"सोमवारपास्नं इलिंका माज्या घरी ऱ्हाईल," आबांनी तोच शब्द टाकला. "तू पोरीला उपाशी मारतीस. नर्सबाईनं रगत तपासलं तवा काय निघालं? साडेआठ! पाची लेकरांत सगळ्यात कमी माजीचंच कसं?"

आकडा खरा होता. नर्सबाईनं बजावलं होतं, ईस्टरच्या आदल्या, पामच्या रविवारच्या आधी मी परत येईन. तोवर अंडी, कलेजी, घेवडा, हिरवा पाला पोटात जाऊ दे. आकडा चढला नाही तर पोरीला शहरातल्या दवाखान्यात भरती करावी लागेल. आता आबांनी पोर घरी ठेवली तर तिथं काय, चहात बुडवलेला पाव. आणि आबांनी नेली म्हटल्यावर बाकीची चारही दुसऱ्या दिवशी घरी.

"सोमवार अजून तीन दिसांवर हाय," एवढंच ती म्हणाली आणि इलिंकाला आत घेतलं.

दुपारी पाच डोकी टेबलाभोवती बसली. मध्ये घेवड्याचं पातेलं, मक्याचा घाटा, उकडलेली अंडी आणि ओढ्याकाठचा झोंबरा पाला. हा पाला तोडताना हाताची आग आग होते, पण उकळत्या पाण्यात घातला की गरिबासारखा मऊ पडतो. त्यात लसूण ठेचून घालायचा. झंफिराची रीत अशी, की भरवायचं नाही, ओरडायचं नाही. लेकरानं आपल्या हातानं आपल्या ताटलीत घ्यायचं आणि तिनं त्यांच्यासोबत बसून जेवायचं. थोरला तोदेर घाट्याचा डोंगर करून त्यात घेवड्याचं तळं करी. जुळ्या बहिणी एकमेकींच्या ताटलीत हात घालीत. सगळ्यात धाकटा तर नाकानंही जेवायचा.

इलिंका मात्र चमचा धरून खिडकीबाहेर बघत बसली.

"भूक न्हाई का गं, सोन्या?"

मान हलली. नाही.

"पोटात दुखतंय?"

नाही.

"मग?"

"भरलंय."

सकाळी साडेसातला आलेली पोर, साडेबारापर्यंत पाण्याशिवाय काही घेतलं नाही आणि पोट भरलंय? झंफिरा उठली. खुंटीवर इलिंकाचा कोट होता. खिशात हात घातला तर चुरा लागला, आणि चुऱ्याखाली चकचकीत कागद. एक, दोन, पाच. कोकोच्या बिस्किटांचे. दोन बिस्किटं आणि मध्ये मलई, दुकानाच्या काउंटरवर बरणीशेजारी मिळतात ती.

तिनं कागद सपाट केला, चष्मा लावला, बारीक अक्षरांवर बोट फिरवलं. मग खुर्चीवर बसली आणि इतकी हसली की धाकट्यानंही घास तोंडातून सांडून तिच्याबरोबर हसून घेतलं.

संध्याकाळी आबा पोरीला न्यायला आले.

"आबा, बसा जरा. सकाळी येताना दुकानावरनं येता?"

"येतो. वाटंवरच हाय."

"पोरीला काय घेता?"

"काय घ्यायचं! एक बिस्कीट. आई न्हाई जवळ, आजी गेली. एवढंबी करू नको?"

"एक?"

"दोन," इलिंका म्हणाली. "एक दुकानापाशी, एक पुलापाशी. पुलापाशी आबा मला अर्धं देतो आन्‌ अर्धं आबा खातो. रोज."

"रोज?" झंफिरानं विचारलं.

"रोज. रविवारी न्हाई. रविवारी आबा गातो."

आबा मिशीतल्या मिशीत हसले. "तिला एकटीला गोड लागत न्हाई. त्यात काय एवढं?"

झंफिरानं कागद त्यांच्यासमोर धरला. "वाचा."

"चष्मा घरी हाय."

"मग ऐका. गव्हाचं पीठ, साखर, कोको. हितवर ठीक." तिनं आवाज हळूहळू वर चढवला, अगदी आबा चर्चमध्ये चढवतात तसा. "दुधाची भुकटीऽऽ. लोणीऽऽ. अंड्याची भुकटीऽऽ."

आईची वाट बघत बसलेल्या तोदेरनंही मान वर केली.

"दुकानात उपासाची बिस्किटं येगळी असत्यात, आबा. वरती लिहिलेलं असतं. ही न्हाईत ती."

आबांचे ओठ हलले. ते मनात दिवस मोजत होते हे झंफिराला दिसत होतं. तीन आठवडे, रविवार सोडून. दर सकाळी पुलावर, दुधा-लोण्या-अंड्याचं अर्धं बिस्कीट. आणि मग शनिवारी संध्याकाळी, रविवारी सकाळी साऱ्या गावाला रडवणारं पश्चात्तापाचं गाणं.

"देवा रे," आबा खाली बसले, ते नेमके गुडघ्याएवढ्या टेबलाच्या बुटक्या बाकावर. "म्या... उपासात... अंडं?"

"भुकटी," झंफिरा म्हणाली. तिला आता दया यायला लागली होती. "ते तुमचं तुम्ही देवाशी बघा, त्यो दयाळू हाय. मला पोरीचं बोलायचंय. रोज सकाळी साखरंनं तिचं पोट गच्च व्हतं. घेवड्याला जागा कुठं ऱ्हाती? रगत कशाचं व्हनार, मलईचं?"

आबांनी इलिंकाला कोट घातला, तिचं बोट धरलं आणि ते गेले.

सोमवारी ते येतील की नाही, या धास्तीनं झंफिरा पहाटेपासून खिडकीशी होती. ते आले. खिसे रिकामे होते, हे त्यांनी न विचारता उलटे करून दाखवलं. पण गेले मात्र नाहीत. टोपी हातात फिरवत उभे राहिले.

"पाद्रीबाबांपाशी कबूल केलं," ते शेवटी म्हणाले. "आधी हसले. धा मिंटं. मग म्हनले, उपवासाला खोट आली ती या पोरीच्या पोटापायी, तर भरपाईबी तिथंच कर. ईस्टरपतोर रोज दुपारी तिच्यासंगं जेवायचं. ती खाईल ते."

"अंडी सोडून."

"अंडी सोडून," आबांनी घाईघाईनं मान डोलावली.

दुपारी ते बुटक्या बाकावर बसले तेव्हा त्यांचे गुडघे हनुवटीला लागले. झंफिरानं पातेलं पुढं केलं. आबांनी त्या हिरव्या लगद्याकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"ह्यो पाला मी लहानपनापास्नं खात न्हाई. डुकराला घालत्यात ह्यो."

पाची चमचे जागच्या जागी थांबले. पाच जोडी डोळे आबांवर. इलिंकानं आपली ताटली हळूच लांब सारली, जशी आबांनी सारली होती अगदी तशी.

झंफिरानं पोरीच्या ताटलीकडं पाहिलं आणि मग आबांकडं.

आबांनी छातीवर क्रूसाची खूण केली. लोक लढाईवर जाताना करतात तशी. आणि चमचाभर पाला तोंडात टाकला. चावला. डोळे मिटले. उघडले.

"लसूण हाय की ह्यात!"

"मग?"

"आमची आई घालत नव्हती," आबा पुटपुटले आणि दुसरा चमचा उचलला.

इलिंकानं ताटली परत ओढली.

पुढचे दोन-अडीच आठवडे पोयेनीत लोक दुपारी झंफिराच्या कुंपणाशी काही ना काही कामं काढू लागले. कारण जेवायच्या आधी आबा गायचे. चर्चमधली चाल, तशीच ओढून, तशीच घुमवून, पण शब्द घेवड्याचे, बिटाचे, कांद्याचे. पाच लेकरं शेवटी मिळून "दे रे देवा" म्हणायची. कुणी म्हणालं, हे बरं नव्हे. पाद्रीबाबा म्हणाले, लेकराच्या ताटाशी गायलेलं देवाला आधी ऐकू येतं. मग कुणी काही म्हणालं नाही.

पामच्या रविवारच्या आदल्या शुक्रवारी नर्सबाई आली. मागच्या खेपेला इलिंकानं मुकाट बोट पुढं केलं होतं. टोचलं तरी हूं की चूं नाही. या खेपेला सुई पाहताच तिनं किंकाळी फोडली, टेबलाखाली शिरली आणि ओढून काढल्यावर नर्सबाईच्या नडगीवर अशी लाथ घातली की बाई मट्‌कन बसली. आबांना इतका आनंद झाला की ते माफी मागायचंही विसरले.

"साडेदहा," नर्सबाई नडगी चोळत म्हणाली. "अजून चढायला पायजे. पन दवाखान्याचं राहू दे. उन्हाळाभर असंच चालवा."

झंफिरानं भिंतीकडं तोंड करून डोळे पुसले. मग वळून पातेलं टेबलावर ठेवलं.

आबांनी टोपी उचलली. "चला, देवाची किरपा. पोर सुधारली. आता मी सुटलो, ईस्टरला आठवडाच तर ऱ्हायलाय..."

"आबा," इलिंका म्हणाली. रडून नाक लाल, हातात चमचा. "खाली बस. अजून कुनी सुरुवात केली न्हाई."

आबांनी झंफिराकडं पाहिलं. झंफिरा छताकडं बघत होती. ते खाली बसले, गुडघे हनुवटीला टेकवले आणि गळा साफ करून बिटाचं गाणं सुरू केलं.