फाटकावरची दोन तोंडांची पाटी

मित्रांनो, मी बॅगांच्या कारखान्याच्या फाटकावर टांगलेली एक जुनी पत्र्याची पाटी आहे. मला दोन तोंडं आहेत. एक म्हणतं 'कामगार पाहिजेत' आणि दुसरं म्हणतं 'भरती बंद'. दोन तोंडांनी बोलणारी माणसं तुम्हालाही भेटली असतील. मी निदान एका वेळी एकच बोलते.

तेलाचं जुनं पिंप कापून, ठोकून मला सपाट केलं. रंगाऱ्याने अक्षरं एवढी ठसठशीत काढली, की ती रस्त्यापलीकडच्या सलूनमधूनही दिसत. एक माणूस अर्ध्या दाढीनिशी खुर्चीतून उठून आला आणि शिलाई विभागात लागला. उरलेली अर्धी दाढी त्याने पहिल्या सुट्टीला केली. असे ते दिवस होते. लोक माझ्याकडे बघून हसत.

पुढे आसपासचे कारखाने एकेक करून थंडावले. काम लांबच्या शहरांत निघून गेलं, माणसं मात्र इथेच राहिली. माझ्यावर अटी चढू लागल्या. आधी 'अनुभवी', मग 'तात्पुरते', मग 'ठेकेदारामार्फत'. पत्रा तेवढाच, त्यामुळे अक्षरं बारीक होत गेली. शेवटी 'कामगार' वाचायला चष्मा लागू लागला. मग एके दिवशी दरवानकाकांनी मला उलटं फिरवलं. तेव्हापासून मी 'भरती बंद' म्हणत उन्हात लटकले आहे. तेच तेच बोलून पत्र्यालासुद्धा थकवा येतो.

इथल्या शिलाईत काम केलेल्या, आता वारलेल्या एका बाईंची लेक दर सोमवारी यायची.

"काका, काही?"

"पोरी, पाटी वाच की."

"पाठ झालीय. तुम्हाला विचारतेय."

घरी वडील अंथरुणाला खिळलेले. इथे काम मिळालं नाही, तर त्यांना घेऊन लांबच्या शहरात भावाकडे जावं लागणार होतं. आणि वडील म्हणत, "मला माझ्याच खिडकीतून बाहेर बघायचंय."

माझी कडी झिजली होती. एका सकाळी वारा सुटला आणि मी गर्रकन फिरले. 'कामगार पाहिजेत!' तासाभरात फाटकावर ही गर्दी! मॅनेजरसाहेब धावत आले.

"पाटी कोणी उलटवली?"

"वाऱ्याने, साहेब," दरवानकाका म्हणाले.

"त्याला आत कोणी सोडलं?"

गर्दी हटेना. साहेब घाम पुसत ओरडले, "यांना काम नाही म्हणून सांगायला एक माणूस ठेवा!"

"मी सांगते," लेक पुढे होऊन म्हणाली.

"अनुभव आहे?"

"सांगण्याचा नाही, ऐकण्याचा आहे. चार वर्षांचा."

अशी त्या वर्षातली एकुलती एक भरती झाली. काम नाही हे सांगण्याचं काम. तिला एक स्टूल मिळालं. साहेबांनी बजावलं, "गर्दी आहे तोवर तू आहेस."

कडी मात्र कोणी बदलली नाही. वारा आला की मी फिरे, लोक येत, आणि ती सगळ्यांना पाणी देऊन सांगे, "इथे काही नाही हो. उन्हात थांबू नका." वारा सुटला की तिची नोकरी पक्की व्हायची. काका तर गमतीने आभाळाला नमस्कार करत.

एकदा कडेवर मूल घेतलेली एक बाई आली. म्हणाली, "ताई, पाटी बघून शेजारणीने निरोप धाडला. हातातल्या कामावर खाडा करून आले. आता ते लोक उद्या घेतात की नाही, कोण जाणे."

दुसऱ्या दिवशी लेक तार घेऊन आली आणि 'भरती बंद' पुढे ठेवून मला दोन्ही बाजूंनी करकचून बांधू लागली.

"अगं, खुळी की काय तू!" काका म्हणाले. "गर्दी थांबली की तूही घरी."

"माहीत आहे, काका. जरा कोपरा धरा."

काकांनी कोपरा धरला. माझ्या आयुष्यात मला इतक्या काळजीने कोणीच बांधलं नव्हतं.

गर्दी थांबली. महिनाअखेर साहेबांनी मोकळं फाटक बघितलं आणि स्टूल आत नेलं. ती वडिलांना घेऊन भावाकडे गेली. तिथल्या खिडकीतून काय दिसतं, मला ठाऊक नाही.

मित्रांनो, मला रंग नको, तेल नको. एवढंच करा. मला पुन्हा फिरवण्याआधी आत खरंच काम आहे का, ते बघा. आणि असलं, तर तार सोडायला तिला बोलवा. गाठ तिची आहे. दुसऱ्या कोणाला ती सुटायची नाही.