टोपलीतल्या गोळ्या

मोर्शीकडच्या संत्र्याच्या वाडीत बाबाभोवती माणूस मावत नव्हता. बाबापुढं एक टोपली, तीत गोळ्यांची पाकिटं.

"बहारासाठी पाणी तोडून झाडाले आपण ताण देतो ना? तसाच वैऱ्यानं करणी करून लघवीले ताण देल्ला. त्यानं पाणी बंद केलं. तुमी गोळ्या टोपलीत टाका. ताण मी तोडतो." पुरावा म्हणून बाबानं रामरावांना उभं केलं. गोळ्या टाकल्या अन् त्यांची तुंबलेली लघवी दोन दिवसांत सुटली होती. लोकांनी हात जोडले.

गर्दीत शकुनजवळ बसलेला तिचा नवरा देवमन घामानं भिजला होता. सकाळपासून थेंब नाही, बेंबीखाली पोट दगडासारखं. मागच्या साली विहिरीत कोणी विष कालवतं या भ्रमानं तो काठी घेऊन बसायचा. अमरावतीच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी माणसात आला. गोळ्या टाकाव्या तर ती काठी परत येणार, न टाकाव्या तर पोट फुटणार.

"बाबाजी," शकुन म्हणाली, "ताण म्हंजे कोरडं ठेवणं. हे तर भरून राहिले. टाकं भरलं अन् कॉक अडकला, तर आमी कॉक पाह्यतो."

"शंकेनंच गाठ आवळते, बाई."

तेवढ्यात रामराव तिच्या कानाशी आले. डोळे भिरभिरत होते. "इथलं पाणी पेऊ नोको. जहर हाय त्यात."

 हीच भाषा शकुननं मागच्या साली देवमनच्या तोंडून ऐकली होती. तिनं देवमनच्या गोळ्यांची पाकिटं पदरात बांधली अन् देवमनला ऑटोत घातलं.

अमरावतीला दवाखान्यात लघवीची नळी घातली तेव्हा देवमनचा जीव भांड्यात पडला. डॉक्टरांनी पाकिटं पाहून सांगितलं की वयानं लघवीच्या वाटेवरची ग्रंथी वाढली आहे, त्यात मनाच्या गोळीनं हात थरथरतात त्यावर दिलेली दुसरी गोळी मूत्राशयाचा जोर कमी करते. त्यांनी तेवढी बदलली. मनाची गोळी चालू ठेवली.

"मंग रामरावजी?" शकुननं त्यांची हकीकत सांगून विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "त्यांचीही अशीच कुठली तरी गोळी सुटली असेल, म्हणून लघवी सुटली. पण त्या गोळीसंगं मनाची गोळीही गेली, म्हणून जहराचा भ्रम आला."

शकुन परतली अन् वाडीत भर गर्दीत हे सारं बोलली.  रामरावांची बायको माणिकबाई टोपलीत हात घालून नवऱ्याची पाकिटं शोधू लागली.

शकुननं तिचा हात धरला. "त्यातली कोणती कोणाची, आता देवालेही समजत नाही. गोळीचा त्रास झाला तर देणाऱ्या डॉक्टरलेच इचारा. लघवी तुंबली तर थांबू नोका, दवाखाना गाठा. माणिकबाई, रामरावजीले घे. ऑटो उभाच हाय."