एरंडावरच्या अळ्या

एकोणीसशे शहाऐंशी साल. बेळगावच्या कॉलेजातला एकुलता एक संगणक तारामतीला शनिवारचे दोन तास मिळायचा. निपाणीजवळच्या रानात तिचे वडील, आप्पा, दोन गुंठे तंबाखूवरच्या अळ्या रोज मोजून वहीत लिहीत आणि त्या आकड्यांवरून ती अळ्यांच्या वाढीचं गणित मांडी. रोज किती जन्मतील, किती मरतील, हे संगणक फासे टाकल्यागत ठरवी. शंभरदा चालवला की शंभर वाटा निघत.

आप्पांना मात्र एकच उत्तर हवं होतं. अळ्या आपणहून ओसरतील, का जीवहत्या न करणाऱ्या आपल्या जैनाच्या हातानं औषध मारावं लागेल?

पण वहीतल्या अळ्या शंभरातल्या एकाही वाटेनं चालेनात. भराभर घटत होत्या. ना पाऊस, ना रोग. रविवारी तिनं वही पुढं धरली.

"आप्पा, इतक्या मेल्या कशानं हो?"

"मेल्या कुठं? मोजून झालं की थोड्या उचलून बांधावरच्या एरंडावर सोडतो. त्यास्नीबी पोट हाय की."

"आणि मला सांगितलं न्हाई?"

"तू मोजा म्हणालीस. सोडू नका कुठं म्हणालीस गं?"

तारामतीला हसू आवरेना. पुढच्या शनिवारी तिनं जन्म-मरणाशेजारी गणितात तिसरं दार उघडलं: निघून जाणं. आता चौऱ्याऐंशी वाटांवर तंबाखू वाचली.

"आणि उरलेल्या सोळा?" आप्पांनी विचारलं.

"तिथं अळ्या एरंड फस्त करून माघारी येतात."

आप्पांनी बांधाकडं बघितलं. "मग निम्म्या वढ्याकाठच्या एरंडावर नेतो. औषध राहू दे तवर. तेवढं गणितात घालून बघ की गं."