न जळलेलं पान

मी एक कोळसा आहे. माझं तोंड काळं दिसतं, पण मूळचा मी हिरवा. माणूस नावाचा प्राणी जन्मलाही नव्हता, तेव्हा आम्ही झाडं पाणथळ रानात उभी होतो. ऊन खायचो, हवा प्यायचो. मग पडलो, चिखलात रुतलो, वर मातीचे थर चढत गेले. कोट्यवधी वर्षं काळोखात दाटीवाटीने पडून होतो, पण एकटं म्हणून कधी वाटलं नाही.

खाणीतून निघून आगगाडीच्या इंजिनावर चढलो. चाळीसगावहून धुळ्याला येताना फायरमनने मला हातात घेऊन पाहिलं. "यात दगडच जास्त," म्हणाला आणि रुळांशेजारी भिरकावून दिलं. माझे भाऊबंद धडधडून पेटले. मी मात्र नापास!

तिथे तानुबाई कोळसा वेचायची. नवरा वारलेला, एकुलती लेक पुष्पा जळगावला मेहरूणमध्ये दिलेली. तानुबाईने मला शेगडीत घातलं. मी नुसता धुमसलो, पेटलो नाहीच. सकाळी राख झाडताना माझा एक पापुद्रा सुटला आणि आतलं पान उघडं पडलं, शिरांसकट.

"ओ माय! दगडमा पान शे!" तानुबाई म्हणाली. "आंबानं नही, जांभूयनं नही. कोनतं रे तुन्हं झाड?"

सांगायचं खूप होतं. पण मला जीभ कुठली!

तिने मला कोनाड्यात ठेवलं. रोज डब्यातल्या तुळशीला पाणी घातलं की ओल्या बोटांनी दोन थेंब माझ्यावर शिंपडायची. "पान शे, तहान लागत व्हई ना?"

कोनाड्यातून मला शेगडी दिसायची. आम्ही हवेतून जे घेऊन जमिनीत नेलं होतं, ते त्या बिनखिडकीच्या खोलीत धूर होऊन पुन्हा बाहेर पडत होतं. इंजिनाच्या धुरांड्यातूनही तेच. तानुबाई खोकून खोकून वाकायची. डॉक्टरांनी धूर बंद करायला सांगितलं होतं.

"माय, मन्हासंगे चाल. तठे गॅस शे," भेटायला आलेली पुष्पा रडकुंडीला येऊन म्हणाली.

"आंडेरना घर कितला दिन ऱ्हासू? आठे जयतन फुकट शे."

जळण इथे फुकट, आणि लेकीच्या घरी राहायचं नाही म्हणजे नाही. बाई, हा धूर आमचाच आहे, लांब हो, असं मला ओरडावंसं वाटायचं.

पुढे डिझेलचं इंजिन आलं. डिझेलही आमच्याच नात्यातलं, फक्त समुद्राकडचं. रुळांवर कोळसा पडेनासा झाला. शेगडी विझली, पण खोकला गेला नाही. एका गारठलेल्या सकाळी तानुबाईने मला उचललं, रिकाम्या शेगडीकडे पाहिलं. जळता आलं असतं तर, असं मला तेव्हा पहिल्यांदाच वाटलं. तिने मला परत कोनाड्यात ठेवलं आणि दोन थेंब शिंपडले. ते शेवटचेच.

पुष्पा आली. तुळशीचा डबा तिने सोबत घेतला. मला हातात धरून म्हणाली, "हाऊ दगड मायले काय कामना व्हता?" आणि होतो तिथे ठेवलं. दाराला कुलूप लागलं.

आता पानावर धूळ साचली आहे. गाडी आली की भिंत थरथरते, एवढीच काय ती सोबत. हे कुलूप कधी उघडलंत तर मला पेटवून पाहू नका. जमिनीत माझे भाऊबंद झोपले आहेत, त्यांनाही झोपू द्या. जमलंच तर दोन थेंब पाणी शिंपडा. तहान मला कधीच लागत नव्हती. पण ती विचारायची.